शेवटची सात मिनिटं

सबटायटलवाल्या बाई चिडल्या की आधी चष्मा पुसतात. त्या दिवशी त्यांनी तो असा पुसला की काडीच हातात आली. आणि चिडू नये तर काय आरती ओवाळावी? बावीस वर्षं त्या सिनेमाखाली ओळी लिहिताहेत. एका वेळी दोनच ओळी, आणि सावकाश वाचणाऱ्याच्याही वाचून होतील इतका वेळ त्या पडद्यावर राहणार, हा त्यांचा शिरस्ता. काम झालं की त्या थोरल्या बहिणीला समोर बसवतात. ताई जन्मापासून बहिरी. जिथे अडेल तिथे ती वहीत लिहिते. वही कोरी राहिली तरच फाईल घराबाहेर पडते.

या सिनेमाला वही कोरी होती आणि ताईचा पदर ओला. मग दिग्दर्शकानं ‘किरकोळ सुधारणा’ करून फाईल परत पाठवली. बाईंनी तीही ताईला दाखवली. ताईनं लिहिलं, ‘ही म्हातारी एवढा वेळ नुसती बसलीये का? डुलकी लागली?’

शेवटच्या सात मिनिटांत कुणी बोलत नाही. घर सोडून गेलेला मुलगा परत येऊन दार ठोठावतो, नऊ वेळा, आणि आई खुर्चीतून उठत नाही; पडद्यावर दिसतो फक्त तिचा चेहरा, दार नाही की मुलगा नाही. संपला सिनेमा. बाईंनी लिहिलं होतं, ‘दार वाजतं’, ‘पुन्हा, जोरात’, ‘आता हळू’. दिग्दर्शकानं नऊच्या नऊ ओळी पुसल्या होत्या. शुक्रवारी ताईच्या मंडळातली दीडशे बहिरी माणसं तिकिटं काढून हाच सिनेमा बघायला जाणार होती. आणि फाईल आज पाचला चित्रपटगृहांकडे रवाना होणार होती.

बाई तीन वाजता त्याच्या खोलीत थडकल्या.

“अहो बाई, ती शांतता आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “शांततेवर अक्षरं कसली चिकटवता?”

“शांतता? पोरगं दार फोडायला निघालंय!”

“माझ्या नटीच्या चेहऱ्यावर घाण दिसते ती.”

बाईंनी त्याच्याच संगणकावर दृश्य लावलं आणि आवाज बंद केला. “बघा. काय कळतंय सांगा.”

त्यानं सातही मिनिटं पाहिली, मान डोलावत. “मला तर प्रत्येक थाप ऐकू आली.”

“येणारच! दोन वर्षं तेच दार वाजवताय तुम्ही. माझ्या बहिणीनं कुठे ऐकायचं?”

“बरं, एक ओळ ठेवा. पहिली.”

“म्हणजे पोरगं एकदा वाजवून गेलं! पहिल्यांदा न उठणं आणि नवव्यांदा न उठणं एकच का हो? मग नऊ वेळा चित्रित कशाला केलंत, हात मोकळा करायला?”

“दिग्दर्शक मी आहे, बाई.”

“आहात ना. मग मी आपलं माझं काम करते.”

बाईंनी खुर्ची ओढली आणि सिनेमाच्या अगदी आरंभी एक नवी ओळ टाकली: ‘ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांनी शेवटची सात मिनिटं उरल्यावर घरी जावं.’

तो ताडकन उठला. “हे काय? लोक मला फाडून खातील!”

“खोटं आहे का त्यात काही?”

“पुसा आधी ते!”

“पुसते. पण मग त्या नऊ परत येतील. एक काय ते बोला, पाच वाजत आलेत.” वाजले होते साडेतीन.

त्यानं डोक्याला हात लावला. फाईल कशी उघडायची हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं, सुधारणा त्यानं सहायकाकडून करवून घेतल्या होत्या, आणि सहायक रजेवर होता. अखेर त्यानं नुसता हात झटकला, घाला म्हणून.

बाईंनी आरंभीची ओळ पुसली आणि नऊ ओळी एकेक करून जागेवर बसवल्या, प्रत्येक थापेच्या नेमक्या क्षणाला.

“निदान अक्षरं जरा बारीक करा,” तो मागून पुटपुटला.

“ताई साठीची आहे,” बाई वळूनही न बघता म्हणाल्या, “मोठीच करतेय.”