पिवळ्याचं अंथरूण

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांनी हट्ट असा एकच धरला, खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचा. मला जिथे कपाट हवं होतं तिथे चार फुटी काच आली. मी बोलून घेतलं, त्यांनी ऐकून घेतलं, टाकी तिथेच राहिली. फक्त तळाला वाळूबिळू घालायची नाही, ही माझी अट त्यांनी मानली. मला घरात कचरा चालत नाही.

मग पिवळ्या आला. दातांच्या एक डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करत होत्या. हे तिथल्या लिफ्टच्या कामाला गेले आणि येताना बादलीतून तिथल्या टाकीतला बोटभर लांबीचा, हळदीच्या रंगाचा मासा घेऊन आले. हा संध्याकाळी वाळूत शिरून झोपतो, असं बाईंनी बजावलं होतं.

सात वाजता टाकीचा दिवा मालवला आणि पिवळ्यानं तळाकडे सूर मारला. टक्. वर आला, पुन्हा मारला. टक्. तासभर हेच चाललं. चौथ्या दिवशी त्याचं नाक सोलून पांढरं पडलं. माशांचा दुकानदार म्हणाला, असंच चाललं तर आठवडा काढणार नाही. त्याच्याकडची वाळू मात्र माझ्या महिन्याच्या किराण्याच्या भावाची. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण इथे अंथरूणच नव्हतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं. मला जेवण जाईना.

समुद्र आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर. बांधकामाची वाळू टोकेरी, अंग सोलणारी. शिवाय ह्यांचं एक शास्त्र होतं. शिंपल्याची किंवा चुनखडीची वाळूच खाऱ्या पाण्याला मानवते, आणि तिच्यावर व्हिनेगर टाकलं की ती फसफसते. झालं! माझी व्हिनेगरची बाटली ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत गेली. ज्या इमारतीत लिफ्ट, तिथल्या कुंड्या, मुलांच्या खेळाचा वाळूचा हौद, सगळीकडे थेंब. कुठेच काही फसफसेना. शेवटी एका इमारतीत ह्यांच्या हातून बाटली कलंडली ती थेट संगमरवरी फरशीवर.

"फसफसली गं!" हे फोनवर म्हणाले.

"काय?"

"फरशी."

फरशीवर ताटाएवढा डाग पडला होता. सेक्रेटरीबाईंनी ह्यांच्याकडून दोन तास पॉलिश घासून घेतलं, आणि तेवढ्या वेळात संगमरवराचा चुरा कुठे मिळेल हे ह्यांनी त्यांनाच तीनदा विचारलं. अशा माणसापुढे डोकं आपटायचं तरी किती! चुरा मिळालाही, पण काचेसारखा धारदार निघाला.

दुसऱ्या दिवशी मी अंडी आणायला गेले. शेजारी कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान आहे. दारात एक पोतं उघडं होतं, आत बारीक, पांढरट काहीतरी. मी सहज हात घातला. मऊ लागलं.

"हे काय हो?"

"शिंपल्याची वाळू, ताई. समुद्रातून उपसतात. कोंबड्यांना घातली की अंड्याचं कवच टणक होतं."

त्यानंतर मी जे केलं ते ह्यांनी केलं असतं तर मी त्यांना वेड्यात काढलं असतं. अंड्यांच्या दुकानातून व्हिनेगरची पुडी आणली, दातांनी फोडली आणि त्या माणसासमोर चिमूटभर वाळूवर पिळली. अशी फसफसली म्हणून सांगू! अख्खं पोतं माशांच्या दुकानातल्या डबाभर वाळूपेक्षा स्वस्त. मी ते रिक्षात घालून घरी आणलं आणि अंडी तिथेच विसरले.

हे धावत आले. माझ्या पिठाच्या चाळणीनं आम्ही वाळू चाळली, मीच दिली चाळणी. मग न्हाणीघरात धुणं सुरू झालं. पहिलं पाणी दुधासारखं, दहावं ताकासारखं, एकविसाव्या बादलीला तळ दिसला. पिवळ्याला बादलीत ठेवून वाळू टाकीत पसरली, चार बोटं जाड. पाणी निवळायला दुसरी दुपार उजाडली. मग त्याला आत सोडलं.

सात वाजता ह्यांनी दिवा मालवला. खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात आम्ही दोघं काचेला नाक लावून बसलो. पिवळ्या तळाशी आला, पण सूर मारेना. वाळूपासून वीतभर वरच थांबला. पुढे व्हायचा, मागे सरायचा. मार खाऊन खाऊन त्याला तळाची भीती बसली होती.

"जा ना रे," मी म्हणाले. "आता नाही लागणार."

त्यानं हळूच नाक टेकवलं. टक् झालं नाही. तो तसाच थबकला, जणू त्याचाही विश्वास बसेना. मग अंगाला एक झटका दिला आणि डोकं, पाठ, शेपूट, सगळा वाळूत गडप झाला. वाळू हलली, स्थिरावली.

ह्यांनी माझा हात गच्च धरला होता. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"झोपला," मी म्हणाले.

"हळू बोल," हे म्हणाले.