नागावची आवाजांची शिकवणी

नागावच्या हेमालीवहिनींचा होमस्टे शनिवार-रविवार पर्यटकांचा आणि बाकीचे दिवस इंजिनियरांचा. लग्नाआधी त्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांचे फोन घ्यायच्या. इथे नारळाच्या वाडीत कोण परदेशी फोन करणार? मग पडवीत इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. आसपासच्या कारखान्यांतली पोरं शिफ्ट संपवून येतात, चहा पितात आणि इंग्रजी शिकतात. चहा आधी, हे वेगळं सांगायला नको.

पोरांना व्हॉल्व्ह, बेअरिंग, गिअरबॉक्स सगळं पाठ. ते शब्द तर आता मराठीच झालेत. घोडं अडतं बिघाड सांगताना. आपल्याकडे इंजिनियर काय, रिक्षावाला काय, यंत्राची तक्रार आवाजातच करतो. घरघरतंय, खडखडतंय, सूं करतंय. ऐकणाऱ्याला लगेच कळतं. वर्गातल्या दिपेशने हीच रीत जर्मनीतल्या इंजिनियरला फोनवर लावली.

"सर, गिअरबॉक्स इज डुइंग खडखड."

पलीकडून तीनदा नुसतं "सॉरी?" आलं.

आता शुक्रवारी त्याच माणसाशी व्हिडिओ कॉल होता. तो नीट झाला तरच दिपेशला नोकरीत कायम करणार होते.

"वैनी, माझं काय खरं न्हाय," तो कपाळाला हात लावून म्हणाला.

वहिनींनी पुस्तक मिटलं. डब्यात सुपाऱ्या घालून डबा हलवला. "हे रॅटल." खाऱ्या वाऱ्याने गंजलेलं फाटक ढकललं. "हे स्क्वील." कुकर आणून त्याची वाफ सोडली. "हे हिस." कुकर कुठे पळवला ते बघायला त्यांच्या सासूबाई आवडाबाई बाहेर आल्या त्या तिथेच बसल्या.

"काय रं, कालेजात जाऊन सुपाऱ्या हलवाय शिकलास व्हय?"

वहिनींनी पाट्यावर वाळू टाकून वरवंटा फिरवला. खर्रर्र. "हे ग्राइंड."

"ह्यो तर तुझ्या सासऱ्याच्या घोरन्याचा आवाज गो!"

शुक्रवारी वहिनींचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. पाहुण्यांच्या खोलीत त्यांनी एकाच उशीला दोन अभ्रे चढवले. संध्याकाळी दिपेश धावतच आला.

"शब्दच आठवंना वैनी! तोंडातून आलंच, खडखडखड. तर त्या जर्मनानेपण तोंडाने आवाज काढून विचारलं, खर्रर्र?"

"मग?"

"मी म्हटलं, नो सर, दॅट इज ग्राइंड. आवर्स इज रॅटल! तो म्हणाला, मग कुठलातरी बोल्ट ढिला असेल. उघडून बघतो तर खरंच ढिला. आमचे साहेब तिथंच बोलले, सोमवारी कायमची ऑर्डर घेऊन जा."

वहिनींनी टाळ्या वाजवल्या. आवडाबाईंनी त्याच्या तोंडात साखर कोंबली. ती चघळतच तो म्हणाला, "वैनी, आता वासांचं शिकवा. परवा वायरिंग जळत होतं, नि मी नुसता नाक धरून उभा."

आवडाबाई लगबगीने उठल्या.

"थांब, सुकट आनते."