रुमालाआडचा ‘आ’

पाळणाघरातल्या मावशीचा हातखंडा एकच. मूल ओठ घट्ट मिटून बसलं, की चमचा पुढे करायचा आणि आपणच भला मोठा ‘आ’ वासायचा. बाळ बघून हटकून तोंड उघडायचं. चमचा आत, काम फत्ते! ‘‘माझा निम्मा जन्म आ करण्यात गेला,’’ म्हणत ती स्वतःच हसायची.

मग हळूहळू तिची जीभ आपोआप बाहेर यायला लागली. जबडा सारखा काही चघळल्यासारखा हलायचा. पोरांना वाटलं, मावशी वाकुल्या दाखवतेय. पोरं खिदळायची. त्यांच्या आया मात्र विचारायच्या, ‘‘मावशी, तोंडात काय धरलंय हो?’’ काय असणार, कपाळ!

दातांच्या डॉक्टरांनी कवळी सैल ठरवून नवी बसवली. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळे मनाचे खेळ ठरवले, फार विचार करू नका म्हणाले. जशी काही जीभ विचारूनच बाहेर पडते! आणि पोटची लेक म्हणाली, ‘‘आई, चारचौघांत तरी आवर ना गं.’’ ते मात्र फार लागलं. पदरात तोंड घालून ती रडली, तर रडतानाही मेलं तोंड थांबेना.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘रोज कुठलं औषध घेता?’’

‘‘मळमळीची गोळी तेवढी.’’

मागे पोट बिघडलं तेव्हा थोड्या दिवसांसाठी दिलेली. थांबव असं कुणी म्हटलंच नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं इमानेइतबारे गिळत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘हे त्या गोळीनंच झालंय. उशिरा दिसतं, म्हणून भलतंच काही वाटतं. आता बंद करू.’’

‘‘मग तोंड थांबेल?’’

‘‘खात्री नाही देता येत.’’

गोळी सुटली, जिभेची खोड काही सुटली नाही. त्यात एका बाळानं तिचं बघून तसंच जबडा हलवणं उचललं, आणि त्याच्या आईनं पाळणाघर डोक्यावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! पाळणाघराच्या बाई नजर चुकवत म्हणाल्या, ‘‘तुम्हाला काढायचं जिवावर येतं हो. तोंडाला रुमाल बांधून भरवा. जमलं तर राहा.’’

दुपारी तेच बाळ मांडीवर आलं. मावशीनं चमचा पुढे केला, आणि रुमालाआड जबडा दुखेपर्यंत ‘आ’ केला. बाळ ओठ मिटून रुमालाकडे बघत राहिलं. तिनं पुन्हा केला. पुन्हा.

‘‘द्या इकडे, मावशी,’’ बाई हळूच म्हणाल्या.

तिनं चमचा दिला, मग बाळही दिलं.