सोनेरी माशांच्या अंगावरच्या उवा

मंडळी, आज घडलं ते सांगते.

आमच्या ह्यांनी हैदराबादेहून बैलगाडीत भुसा भरून काचेची पेटी आणली होती. त्यातले सोनेरी मासे आज सकाळी वेड्यासारखे काचेला अंग घासत होते. वाकून पाहिलं, तर उवांसारखे चपटे किडे चिकटलेले! एक मासा तर उताणा तरंगत होता.

परवा सासूबाईंनी आटत्या डोहात तडफडणारा एक मासा कळशीतून आणून पेटीत सोडला होता. त्याच्याबरोबरच हे किडे आले.

"पेटीवाल्यानं सांगितलं व्हतं, मिठाच्या पान्यात मासे बुडवून काढा. किडे मरत्यात," हे म्हणाले.

सासूबाई आडव्या आल्या. "मारायचं न्हाई! आपन लिंगायत, गळ्यात लिंग बांधतो. किडा बी जीवच हाय."

तेवढ्यात दुसरा मासा कलंडला. मला रडूच फुटलं.

सासूबाई पेटीकडं बघत राहिल्या. मग गळ्यातलं लिंग पदराखाली झाकलं अन् मिठाची मूठ स्वतःच पातेल्यात टाकली. "मीच आनले, मीच मारते."

त्या पाण्यात मासे बुडवले, तसे किडे गळाले. उरलेले मासे आता पोहतायत.

सासूबाईंनी मात्र अजून अन्नाला हात लावलेला नाही. तुमी असता, तर त्यांना काय सांगून ताटावर बसवलं असतं?