रेवाचा गोल आणि माझा ‘हो’

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच फुटबॉल सामना जिंकून दिला आहे, आणि तोही बेसनाच्या लाडवाने.

फुटबॉलमधलं मिलिंदला काही कळत नाही. मला सगळं कळतं. (हे वाक्य मी घरात रोज म्हणायचे. हल्ली आठवड्यातून एकदा म्हणते.)

मी झुइडास या डच ऑफिसवस्तीतल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. शनिवार-रविवारी हेच काम कापेल गावातल्या आमच्या घरी सोफ्यावर बसून फुकट करते. व्यावसायिक फुटबॉलबद्दलची माझी मतं पक्की आहेत. वारा लागला तरी गुडघा धरून लोळणाऱ्याला तिथल्या तिथे घरी पाठवावं. जो खेळाडू दर सामन्याला केस वेगळे कापून येतो त्याने सराव कधी केला ते विचारावं. आणि पुढे अख्खं मैदान मोकळं असताना मागे गोलकीपरकडे पास देतात, त्यांचं तर काय करावं! मिलिंदही त्यातलाच. कामाला निघतो, कोपऱ्यावरून परत येतो, कुलूप ओढून बघतो.

कॉलेजचा फुटबॉल याहून शंभर पटींनी खरा. पोरी पडतात, तोंडातला चिखल थुंकतात आणि पळायला लागतात. रिप्ले नसतो, त्यामुळे लोळून उपयोगही नसतो. आमची रेवा एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकते आणि विद्यार्थ्यांच्या क्लबात मुलींच्या संघाची कॅप्टन आहे, याचा माझ्या या मताशी काही संबंध नाही. (आहे.)

मोसमातल्या शेवटच्या सामन्याआधी रेवाचा फोन आला.

“आई, तू येणार असशील तर एक कंडिशन आहे.”

“बोल.”

“ओरडायचं नाही.”

“मी ओरडत नाही. मी सुचवते.”

“लास्ट टाइम तू समोरच्या टीमच्या कोचला पण सुचवलंस.”

“त्यांची डावी बाजू मोकळी होती. मला बघवेना.”

“आई, सीरियसली. जिंकलो नाही तर आम्ही खालच्या गटात जाणार. ड्रॉ झाला तरी जाणार. तीन वर्षं लागली आम्हाला वर यायला. प्लीज.”

मी शब्द दिला. डच भाषेची परीक्षाही मी चांगल्या मार्कांनी पास झालेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ऐन वेळी माझ्या लक्षात राहिली नाही.

दोन तास गाडी चालवून आम्ही पोचलो. बरोबर दोन घडीच्या खुर्च्या आणि लाडवांचा डबा. बघतो तर मैदानावर गडबड. या पातळीवर कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन उभं राहणारा माणूस ज्या त्या संघाने आणायचा असतो. आमचे झेंडेवाले म्हणजे कुणा मुलीचे बाबा, त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. रेवाने प्रेक्षकांवर नजर टाकली. प्रेक्षक म्हणजे मी, मिलिंद आणि एक कुत्रा. ऑफसाइड कुत्र्याला कळत नव्हतं. मिलिंदलाही.

“आई,” रेवा झेंडा देताना म्हणाली, “फक्त हात. तोंड बंद.”

ऐंशी मिनिटं मी असं काम केलं की कुणीही बघून शिकावं. झेंडा नेमका वर, नेमका खाली, ओठ शिवलेले. (मिलिंदच्या मते लग्नानंतरची ही माझी सर्वांत मोठी शांतता.) स्कोअर एक-एक. दहा मिनिटं उरलेली.

आणि रेवाने मैदानाच्या मध्यावर चेंडू काढून घेतला. ती मागे खेळणारी. पुढे जायची तिला सवय नाही. पण पुढे सगळं मोकळं होतं. माझी हद्द मधल्या रेषेपर्यंतच होती, ती मी केव्हाच ओलांडली होती. रेवा क्षणभर थबकली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

इथे थोडं मागे जावं लागेल. रेवा कापेलमध्ये सायकल शिकली तेव्हा प्रत्येक चौकात वळून विचारायची, “आई, जाऊ?” मागून मी म्हणायचे, “हो!” मग ती जायची. आज दंडावर कॅप्टनची पट्टी, वय वीस, पण नजर अगदी तीच. आई, जाऊ?

“हो!” मी ओरडले. “हो! हो! हो!”

आणि गणपतीच्या मिरवणुकीत असल्यासारखा झेंडा डोक्यावर गरागरा फिरवला.

मैदानावरच्या एकवीस पोरी जागच्या जागी थांबल्या. समोरची गोलकीपर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एकटी रेवा पळत राहिली, कारण मराठी तिला एकटीलाच येत होतं. तिने चेंडू जाळ्यात जवळजवळ चालत नेला.

“गोल!” मी म्हणाले. कुत्र्याशिवाय कुणी दाद दिली नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. डचमध्ये ‘हो’ म्हणजे ‘थांबा’. इथल्या चौदा वर्षांत सायकलवाल्यांनी मला निदान हजारदा ‘हो!’ म्हणून थांबवलं आहे, आणि मी दर वेळी नीट थांबलेही आहे.

समोरच्या संघाने रेफ्रीला घेरलं. रेफ्री म्हणजे सहा फुटी, टकले, निवृत्त हेडमास्तरांसारखे गृहस्थ. ते शांतपणे चालत माझ्याकडे आले.

“मॅडम, ऑफसाइड होतं?”

“नाही.”

“मग झेंडा का वर केलात?”

“आनंद झाला म्हणून.”

त्यांनी थोडा विचार केला. नियमांच्या पुस्तकात आनंद नसावा.

“आणि ‘हो’ असं तुम्हीच ओरडलात?”

“हो,” मी म्हणाले.

ते जागीच थांबले. एक पाऊल मागेही सरकले. मी खुलासा करायला पुन्हा तोंड उघडलं तसं त्यांनी हात वर केला, झेंडा माझ्या हातातून काढून घेतला आणि मिलिंदला दिला. गोल रद्द. चेंडू मध्यावर टाकून खेळ पुन्हा सुरू.

रेवा माझ्याजवळून पळत गेली. फक्त एवढंच म्हणाली, “मागे पास द्यायला हवा होता.”

मला इतकं लागेल असं त्या पोरीने आजवर काही म्हटलं नव्हतं.

मिनिटं संपत होती. मिलिंद एका हातात झेंडा, एका हातात डबा घेऊन बसची वाट बघत असल्यासारखा उभा. मी त्याच्या शेजारी, तोंडावर हात दाबून. शेवटच्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. सगळ्या पोरी पुढे गेल्या. रेवा मात्र पेनल्टी बॉक्सच्या बाहेर थबकली. आणि सवयीने तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

माझा हात खाली आला. तोंड उघडलं. मिलिंदने त्यात लाडू घातला.

अख्खा. बेसनाचा. (भाजताना माझं तूप कमी पडलं होतं, त्यामुळे तो टाळूला गिलाव्यासारखा बसला.)

रेवाने उत्तराची वाट पाहिली. आई बोलत नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मग तिचं तिनेच ठरवलं, धावली, उडी मारली आणि डोक्याने चेंडू आत घातला. दोन-एक. शिट्टी. संघ वरच्याच गटात राहिला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ‘किती भावुक आई!’ असं समजून दोघी-तिघींनी मला मिठी मारली. त्यामुळे निदान लाडू खाली उतरला.

“तुला कसं सुचलं रे?” बोलता आल्यावर मी मिलिंदला विचारलं.

“त्यात काय सुचायचंय? तू तोंड उघडलंस.”

क्लबच्या कॅन्टीनमध्ये गर्दी झाली होती आणि वाढायला हात कमी पडत होते. मला भरपाई करायचीच होती. “आई, तू कॉफी दे,” रेवा म्हणाली. “तिथे काही बिघडणार नाही.”

पहिलाच कप रेफ्रींचा. मी भल्यामोठ्या थर्मासमधून ओतायला लागले.

“हो,” ते म्हणाले.

मी ओतत राहिले. हो म्हणतायत, माणूस दमलाय, घेऊ दे बिचाऱ्याला.

“हो, हो!”

“हो, हो,” मीही अदबीने म्हणाले आणि थर्मास आणखी वाकडा केला.

कॉफी कपातून बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून त्यांच्या पँटवर गेली. त्यांनी सावकाश खिशात हात घातला, पिवळं कार्ड काढलं, त्यावरची कॉफी झटकली आणि माझ्या डोक्यावर धरलं. अख्ख्या संघाने टाळ्या वाजवल्या.

व्यावसायिक खेळाडूने अशा वेळी गुडघा धरून लोळण घेतली असती. मी कॉलेजची परंपरा राखली. मुकाट्याने पुसायचं फडकं उचललं, ते तसंच डोक्यावर धरून माफीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“मेधा,” लाडवांचा डबा उघडत मिलिंद म्हणाला, “आधी झेंडा खाली घे.”