प्रत माहितीसाठी, मोठे फादर

हा किस्सा घरात सांगायची मला बंदी आहे. का, तर आमच्या सिसिलियाला, म्हणजे बायकोला, तो स्वतः सांगायचा असतो! आत्ता ती भाजी आणायला गेलीय, तेवढ्यात माझ्या तोंडून ऐकून घ्या. माझी बाजू वगैरे काही नाही हं त्यात. गाढवपणा शंभर टक्के माझाच.

तर मी लोपीस. मूळचा वसईचा, पण गेली सव्वीस वर्षं दिल्लीत, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर. सव्वीस वर्षांत मी काय केलं विचाराल, तर मीटिंगा झाल्या आणि मी त्यांचे मिनिट्स लिहिले. कोण काय बोललं, काय ठरलं, कोणी काय करायचं. माझे मिनिट्स जॉइंट सेक्रेटरीसाहेबसुद्धा न वाचता सही करतात, म्हणजे बघा!

सिसिलियाचं मात्र दिल्लीत जमेना. वसईला संध्याकाळी आळीतल्या बायका एकत्र बसून रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणायच्या, आणि मग तासभर गप्पा. देवावर रुसणं, देवाशी भांडणं, सगळं तिथेच. इथे चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की जो तो पार्किंगकडे पळतो.

"देवाबद्दल चार शब्द बोलायला माणूस नाही हो इथे," ती म्हणायची.

"हं," मी म्हणायचो. हातात मोबाईल असायचा ना.

मग आमच्या चर्चमध्ये फादर रॉनी आले. तरुण, पायात स्पोर्ट्स शूज, गिटार वाजवणारे. त्यांनी टूम काढली. महिन्यातला एक गुरुवार, गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटची वरची खोली, फक्त मोठी माणसं. पिझ्झा खायचा, हवी त्याने बिअर घ्यायची आणि श्रद्धेबद्दल मोकळं बोलायचं. प्रवचन नाही, उपदेश नाही. मनात शंका असेल तर विचारून टाकायची.

आता आमचे मोठे फादर, म्हणजे चर्चचे मुख्य, ते केरळचे, सत्तरीचे. आवाज असा की मिस्सेला उभे राहिले की लोकांचे फोन आपोआप सायलेंट होतात. ते म्हणाले, "बियर? और बाइबल?" पण फादर रॉनींनी चिकाटी सोडली नाही. शेवटी तीन गुरुवारांची परवानगी मिळाली. अट एकच, एक जरी तक्रार कानावर आली तरी दुकान बंद.

पहिल्या गुरुवारी सिसिलिया एकटी गेली आणि परत आली ती गुणगुणतच. कित्येक वर्षांनी हो! दुसऱ्या गुरुवारी म्हणाली, "तुम्ही पण चला. बोलू नका हवं तर, नुसतं बसा."

नुसतं बसलो असतो तर बरं झालं असतं.

हौज खासला मेट्रो बदलून पोचलो. दहा-बाराजण होते. फादर रॉनींनी सुरुवातीलाच सांगितलं, "यहाँ की बात यहीं रहेगी." हे मी ऐकलं. शपथेवर सांगतो, स्पष्ट ऐकलं. मग ते माझ्याकडे वळले. "लोपीस अंकल, आप तो गवर्नमेंट में हैं. ज़रा पॉइंट्स नोट कर लीजिए ना, अगली बार का टॉपिक निकालेंगे."

आता मला सांगा, सव्वीस वर्षांच्या सवयीच्या माणसासमोर टेबल, माणसं आणि कोरा कागद ठेवल्यावर तो काय करेल? मी पेनाचं टोपण काढलं आणि अंगात आलं माझ्या!

नेल्सन म्हणून एकजण होता, तिथल्याच एका काचेच्या टॉवरमध्ये मॅनेजर. तो बिअरच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "आई आजारी पडल्यापासून मी रोज प्रार्थना करतोय. पण खरं सांगू? पलीकडे कोणी ऐकतंय की नाही, मला कळत नाही." मी लिहिलं.

वातावरण हलकं करायला फादर रॉनी म्हणाले, "अरे यार, मेरा भी सुनो. बड़े फादर का प्रवचन शुरू हुआ कि मैं पंखे के फेरे गिनता हूँ." हशा पिकला. मी तेही लिहिलं.

मग सिसिलिया. हळू आवाजात म्हणाली, "मी घरी रोझरी एकटीच म्हणते. शेजारी माणूस बसलेला असतो, पण नसल्यासारखा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, माझं लिहून व्हायची वाट बघताहेत! किती समजूतदार माणसं! मी मान वर न करता म्हटलं, "कंटिन्यू, कंटिन्यू. लिख रहा हूँ."

परतीच्या मेट्रोत ती खिडकीशी बसली. हौज खास गेल्यावर म्हणाली, "काही ऐकलंत का आज?"

"ऐकलं म्हणजे? शब्द न् शब्द लिहिलाय!"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बोगद्यात बघण्यासारखं काय असतं, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये मी ते टाइप करून काढलं. मूळ इंग्रजीत होतं, तुम्हाला मराठीत सांगतो. मुद्दा एक: सर्व चर्चा गोपनीय राहील. मुद्दा दोन: श्री. नेल्सन यांनी प्रार्थना पलीकडे पोहोचत असल्याबाबत पोच मिळत नसल्याचे निदर्शनास आणले. मुद्दा तीन: मोठ्या फादरांच्या प्रवचनादरम्यान आपण पंख्याचे फेरे मोजत असल्याची माहिती फादर रॉनी यांनी सभेस दिली. मुद्दा चार: श्रीमती लोपीस यांनी गृहपातळीवर सहकार्याचा अभाव असल्याचे नमूद केले. शेजारी 'कार्यवाही कोणी करावी' असा रकाना. चौथ्या मुद्द्यापुढे मी तो कोरा सोडला, कारण विषय नक्की कुणाच्या अखत्यारीत येतो ते कळेना.

सगळ्यांना ईमेल केली. आणि शेवटी, बोटांनी आपणहून, सवयीने टाइप केलं: प्रत माहितीसाठी, मोठे फादर.

अहो, वरिष्ठांना प्रत जातेच ना! मुद्दा एकची शाई वाळली नव्हती आणि मी तो स्वतःच्या हाताने मोडला होता.

चार वाजता नेल्सनचा फोन. "अंकल, ये आपने क्या भेज दिया? मेरी मौसी रोज़ चर्च ऑफिस में बैठती हैं, मम्मी को बता देंगी!"

मग फादर रॉनी. आवाज गेलेला. "अंकल… कॉपी… किसको…?"

"प्रॉपर चॅनल से भेजा है, फादर," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाम फुटला हो!

पण मी असा डगमगणारा नाही. ताबडतोब दुसरी ईमेल: 'मागील पत्र रद्द समजावे.' ती कुणाकुणाला? सगळ्यांना, प्रत मोठ्या फादरांना. एवढ्यावर थांबावं की नाही? छे! तिसऱ्या ईमेलने शुद्धिपत्र काढलं: 'मुद्दा तीनमध्ये "मोठ्या फादरांच्या" याऐवजी "एका ज्येष्ठ धर्मगुरूंच्या" असे वाचावे.' त्याचीही प्रत मोठ्या फादरांना! पहिली ईमेल त्यांनी उघडली नसती कदाचित. शुद्धिपत्र आल्यावर कोण सोडतो?

घरी आलो तर सिसिलियाला सगळं कळलेलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "महिन्यातली माझी ती एक संध्याकाळ होती हो. तिचीपण फाईल केलीत तुम्ही."

मला फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

पुढचा महिनाभर चर्चमध्ये मी खांबाआड बसत होतो. आणि तिसऱ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी निरोप आला: मोठे फादर स्वतः येणार आहेत. संपलं! टाळं लावायलाच येताहेत, असं सगळ्यांनी धरलं. सिसिलियाने तरी निळी साडी नेसली. म्हणाली, "शेवटची तर शेवटची."

मोठे फादर पांढऱ्या झग्यात जिना चढून वर आले. हातात माझे मिनिट्स, लाल पेनाने खुणा केलेले. खुर्चीत बसले, चष्मा लावला. त्या दिवशी बिअर कोणी मागवली नाही. पाणीसुद्धा लोक आवाज न करता पीत होते.

"पॉइंट टू," ते म्हणाले. "नेल्सन. कोई सुनता है कि नहीं." नेल्सनने मान खाली घातली. मोठे फादर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुझे भी कभी-कभी ऐसा लगता है, बेटा. चालीस साल से फादर हूँ, किसी ने पूछा ही नहीं. आज बैठ के बात करेंगे."

नेल्सनचे डोळे भरून आले. माझेही, खोटं कशाला बोलू.

"पॉइंट थ्री. रॉनी, कितने होते हैं?"

"जी… दो सौ के बाद छोड़ देता हूँ, फादर."

"अच्छा. छोटा करूँगा." कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मला वाटलं, सुटलो! पिझ्झाचा तुकडा उचलला.

"पॉइंट फोर," मोठे फादर म्हणाले. "घर में सहयोग नहीं मिलता. लोपीस, यहाँ एक्शन में किसी का नाम नहीं है. क्यों?"

"फादर, वो… संबंधित व्यक्ति का पता नहीं चला."

"घर में कौन-कौन रहता है?"

"मैं और सिसिलिया."

"सिसिलिया तो शिकायत कर रही है. बाकी कौन बचा?"

तुम्हाला सांगतो, ते वाक्य मी हाताने लिहिलं होतं, टाइप केलं होतं, स्पेलिंगसकट तपासलं होतं, वर त्या कागदाचं शुद्धिपत्रही काढलं होतं. आणि तो माणूस मी आहे हे मला तेव्हा, तोंडात पिझ्झा असताना कळलं! सिसिलिया पदरात तोंड लपवून हसत होती. हसत होती की रडत होती, नक्की सांगता येणार नाही.

मोठ्या फादरांनी लाल पेनाने त्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि गुरुवार कायमचे मंजूर करून टाकले. आता स्वतःही येतात, लिंबू सोडा पितात. मला तिथे पेन न्यायला मनाई आहे.

आणि घरी? रोज आठ वाजता रोझरी, दोघांची. सिसिलियाने देवाच्या फोटोखाली एक रजिस्टर टांगलंय. तारीख, माझी सही आणि शेरा. परवा मधेच माझा डोळा लागला, तर शेऱ्यात लिहिलंय, 'हजर, पण नसल्यासारखा'. महिनाअखेरीला ती त्या पानाचा फोटो काढून मला पाठवते. आणि खाली, अगदी माझ्याच नमुन्यात: प्रत माहितीसाठी, मोठे फादर.