आठळ्यांची बरणी

औषधांच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी, मानपाड्याला. ओल लागली की माल गेला, हा तिथला पहिला धडा. त्यामुळे एखादी गोष्ट टिकवायची कशी, हे मला कोणी शिकवायला येऊ नये असं माझं मत होतं. घरातला रवा, डाळी, पापड सगळं माझ्या देखरेखीखाली. बायको वैतागायची, पण डब्यात किडा कधी सापडला नाही.

डोंबिवलीतली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मागचा फणस तोडायचं ठरलं. बाबांनी आणलेल्या फणसाची आठळी आईने स्वतःच्या हाताने तिथे पेरलेली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई एवढंच म्हणाली, "त्याचं एक रोप नव्या जागेत लाव रे. मला बाकी काही नको." सामान हलवायच्या गडबडीत ती ताईकडे राहायला गेली. मी शेवटचा फणस उतरवून घेतला आणि दोन दिवसांत झाड गेलं.

आम्ही विठ्ठलवाडीला भाड्याने राहायला आलो. बायको म्हणाली, आठळ्या आत्ताच कुंडीत लावा. फणस काय कुंडीत ठेवायचं झाड आहे? मी तिला उडवून लावलं. आठळ्या धुतल्या, खडखड वाजेपर्यंत गॅलरीत उन्हात वाळवल्या. मग काचेच्या बरणीत भरल्या, सोबत गोळ्यांच्या बाटलीत असतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या, झाकणावर तारखेची चिठ्ठी. नव्या घराचा ताबा मिळायला तीन वर्षं लागली.

सोसायटीशी भांडून कंपाउंडलगत जागा मिळवली आणि बारा आठळ्या पेरल्या. महिना झाला तरी काही नाही. उकरून पाहिलं तर आतून काळ्या पडलेल्या. उरलेल्या घेऊन टिटवाळ्याच्या एका नर्सरीत गेलो. तिथल्या बाईंनी एक कापून बघितली.

"काका, बाभूळ, चिंच वाळवून ठेवलीत तर राहते. फणस, आंबा, जांभूळ नाही. ओल आहे तोवरच जीव असतो ह्यांच्यात. वाळवल्यात तिथेच मेल्या."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. घरी पोचेपर्यंत मी उगाच त्या बाईंवर चिडलेलो होतो.

आई भिजवलेले वाल सोलत बसली होती. म्हटलं, "आई, आठळ्या मेल्या. मीच मारल्या."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ताईकडून आले त्याच दिवशी गॅलरीत बघितल्या मी."

"मग बोलली का नाहीस?"

"झाड तर गेलेलं. बोलून काय होणार होतं? आणि तू किती जपत होतास."

मला रडू आलं, तेही तिच्यासमोर. तीन वर्षं मी दर रविवारी ती बरणी पुसून तिला दाखवायला न्यायचो. ती चष्मा लावून नीट बघायची आणि म्हणायची, "छान ठेवल्यास हो."